इंदूर: आईला घेऊन राजवाडा-सराफा फिरायचंय, गाडी कुठवर जाते?

दहिसरची_मीनू | १२ डिसेंबर, रात्री १०:१४

नमस्कार मंडळी. जानेवारीत आईला घेऊन ओंकारेश्वर-महेश्वर करायचं ठरलंय. बोरिवलीहून अवंतिका एक्सप्रेसने निघून सकाळी इंदूरला उतरू. इंदूरसाठी दोन रात्री ठेवल्यात. आई ७२ वर्षांची. डावा गुडघा कुरकुरतो, पायऱ्या नको म्हणते, पण सपाटीवर अर्धा तास सहज चालते. मधे टेकायला जागा मिळाली तर जास्तही. तिच्या आजोळचं कुणीतरी होळकरांच्या दरबारी कारकून होतं अशी आमच्याकडे दंतकथा आहे, त्यामुळे राजवाडा बघितल्याशिवाय ती काही हलायची नाही. सराफा, म्हणजे तिथली रात्रीची खाऊगल्ली, मला बघायचीय.

नकाशा उघडला तर राजवाड्याभोवती गल्ल्यांचं असं जाळं दिसतं की कुठून शिरायचं तेच कळेना. हॉटेल कुठे घेऊ? कॅब कुठवर सोडते? रात्री सराफ्यातून परत कसं यायचं? रील्स पुष्कळ बघितल्या, पण त्यात सगळ्यांच्या तोंडात घास असतो, रस्ता कुणीच सांगत नाही.

एबीरोडवाला | १२ डिसेंबर, रात्री १०:४०

सोपं आहे. विजयनगरला हॉटेल घ्या. मोठे रस्ते, नवी हॉटेलं, मॉल, सगळं हाताशी. संध्याकाळी कॅब करून राजवाडा-सराफा बघा, जेवा, परत या. जुन्या शहरात राहायच्या भानगडीत पडू नका, रात्री दोनपर्यंत हॉर्न वाजतात.

मल्हारगंजकर | १२ डिसेंबर, रात्री ११:२५

हॉर्नचं खरं आहे, बाकी सल्ला चुकीचा. विजयनगर शहराच्या उत्तरेला, एबी (आग्रा-मुंबई) रोडवर. तिथून संध्याकाळी राजवाड्याला यायचं म्हणजे पाऊण तास गाडीत बसायचं आणि शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला कॅबवाला म्हणणार, "मैडम, यहीं उतर जाओ, आगे जाम है." आईंना दुपारी पाठ टेकायची असेल तर? परत पाऊण तास?

माझा जन्म मल्हारगंजातला, नोकरीची तीस वर्षं याच रस्त्यांवरून सायकल आणि मग लूना हाकण्यात गेली. त्यामुळे जरा लांबण लावतो, सोसून घ्या.

शहर असं डोक्यात बसवा. एमजी रोड हा जुन्या इंदूरचा कणा. पश्चिमेच्या टोकाला बडा गणपती, मग मल्हारगंज, गोराकुंड, खजुरी बाजार, राजवाडा, कृष्णपुरा पूल, गांधी हॉल, शास्त्री ब्रिज, रीगल चौराहा आणि पुढे पलासिया. या एका ओळीवर तुमचं निम्मं इंदूर आलं. दुसरा रस्ता जवाहर मार्ग, दक्षिणेकडून साधारण समांतर जातो. या दोन रस्त्यांच्या मधे आणि आजूबाजूला बाजार: सराफा, बजाजखाना, बर्तन बाजार, मारोठिया, पिपली बाजार, सीतलामाता बाजार. एका बाजारात एकच माल, म्हणजे वास आणि आवाजावरूनही कळतं कुठे आहोत. ठोकण्याचा आवाज आला की बर्तन बाजार, हळद-मिरचीने शिंक आली की मारोठिया.

हॉटेल रीगल ते राजवाडा या पट्ट्यात कुठेही घ्या. रीगलच्या बाजूला रस्ते रुंद, स्टेशन जवळ, आणि राजवाडा दोन किलोमीटरच्या आसपास. ई-रिक्षा दिवसभर सुरू असतात. ऐन राजवाड्यावर हॉटेल घेऊ नका. तिथे सामान घेऊन पोचणं हीच एक यात्रा.

आणि एक. इथे रस्त्याच्या पाटीवरचं नाव विचारू नका. चौराहा विचारा, बाजार विचारा, टॉकीज विचारा. रीगल टॉकीज कधीच बंद पडली, पण चौराहा रीगलच. भंवरकुआँचं नाव सरकारने टंट्या मामा चौराहा केलंय, तरी रिक्षावाल्याला भंवरकुआँच सांगायचं.

पोह्यांवर_सेव | १२ डिसेंबर, रात्री ११:३१

काका फॉर्मात. :)

मीनूताई, एक भर: रिक्षात बसताना पहिला प्रश्न "सवारी में या बुकिंग में?" हा असतो. सवारी म्हणजे शेअर, आणखी तीन-चार जण बसणार, गाडी ठरल्या रस्त्याने जाणार. बुकिंग म्हणजे अख्खी तुमची. सामान आणि आई बरोबर असताना बुकिंग करा, पण भाडं बसण्याआधी बोलून घ्या. "जो बनता है दे देना" म्हणणाऱ्याच्या रिक्षात बसू नका. जे बनतं ते उतरताना फार बनतं.

सियागंजची_सून | १३ डिसेंबर, सकाळी ८:०२

स्टेशनचं मी सांगते, सासर तिथलंच.

गाडीतून उतरल्यावर लोक जिकडे निघाले तिकडे आपणही निघतो आणि तिथेच गोंधळ होतो. स्टेशनाला दोन्हीकडून बाहेर पडता येतं. एक बाजू सियागंजची, ही राजवाड्याकडची. दुसरी छोट्या ग्वालटोळीची, जिकडे सरवटे बसस्थानक. चुकीच्या बाजूने बाहेर पडलात तर रिक्षावाला पटेल ब्रिजवरून फिरवून आणतो आणि फिरवण्याचे पैसे घेतो, त्यात त्याची चूक नाही. फलाटावर हमालाला नाहीतर चहावाल्याला "सियागंज साइड किधर?" एवढं विचारा. स्टेशनचं बांधकाम चालू असतं, त्यामुळे पाट्यांवर विसंबू नका, माणसांना विचारा.

सियागंज म्हणजे किराण्याचा ठोक बाजार. सकाळी दहानंतर हातगाड्या आणि पोती. तुमची गाडी नऊच्या सुमारास येते, उशीर झाला नाही तर बाजार भरायच्या आत निघून जाल. स्टेशनच्या दारातच "होटल चाहिए?" करत येणाऱ्यांना मान हलवून पुढे चालायचं. थांबून "नको" म्हटलंत की संवाद सुरू होतो.

नाशिककर_गाडीसकट | १३ डिसेंबर, सकाळी ९:४८

वाचणाऱ्यांपैकी कुणी स्वतःची गाडी घेऊन येणार असेल तर माझी कथा ऐका.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात (हो, माहीत आहे, हसा) मोबाइलवरच्या बाईच्या भरवशावर राजवाड्याकडे निघालो. तिने जवाहर मार्गावरून उजवीकडे वळायला सांगितलं. वळलो. पहिली पन्नास पावलं ठीक. मग दोन्ही बाजूंना दुकानांचे ओटे, ओट्यांपुढे माल, मालापुढे स्कूटर, आणि मधे माझी सात सीटर. समोरून एक हातगाडी, तिच्यावर पितळी हंड्यांची उतरंड. हातगाडीवाला शांतपणे उभा राहिला. मीही उभा राहिलो. मागे एव्हाना वीसेक दुचाक्या. शेवटी एका भांड्यांच्या दुकानातले म्हातारे शेठ उठले, त्यांनी दोन पोरांना हाका मारल्या, पोरांनी सहा स्कूटर उचलून ओट्यावर ठेवल्या, हंडे सरकले, आणि शेठनी मला हाताने एकेक इंच रिव्हर्स काढलं. चाळीस मिनिटं. बायको अजूनही पितळी हंडा बघितला की माझ्याकडे बघते.

शेठचं वाक्य लक्षात आहे: "भिया, ये गली पैदल वालों की है, गूगल को क्या मालूम."

सुभाष चौकात बहुमजली पार्किंग आहे. तिथे गाडी लावा आणि उतरा. तिथून राजवाडा चालत पाच-सात मिनिटं. पण सणावारी तेही भरतं. मी आता हॉटेलवरच गाडी ठेवतो.

मल्हारगंजकर | १३ डिसेंबर, सकाळी १०:१५

नाशिककर, ते शेठ बहुधा आमच्या ओळखीचे निघतील. :) एमजी रोड आणि जवाहर मार्गावर एकेरी वाहतुकीचे नियम बदलत राहतात, नकाशाला ते दोन महिन्यांनी समजतं.

वेगवेगळी_भूक | १३ डिसेंबर, दुपारी १:२०

मेट्रो झाली ना आता इंदूरला? आणि ती बीआरटीएसची (वेगळ्या मार्गिकेतली) बस, तिने नाही जाता येत?

एबीरोडवाला | १३ डिसेंबर, दुपारी २:०५

याचं उत्तर मीच देतो, रोज भोगतोय.

मेट्रो ३१ मे २०२५ ला सुरू झाली, पण जेमतेम सहा किलोमीटर, गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर. विमानतळाच्या बाजूचा नवा भाग तो. राजवाड्याशी तिचा अजून काही संबंध नाही. हौस म्हणून बसायला ठीक.

बीआरटीएस २०१३ ला सुरू झाली, एबी रोडवर निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, साडेअकरा किलोमीटर. तिची आयबस राजवाड्याला कधीच जात नव्हती. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत हायकोर्टाने तो कॉरिडॉर काढायला परवानगी दिली. इंटरनेटवरचे जुने लेख अजून "आयबस पकडा" सांगतात, ते वाचून रेलिंग शोधत उभे राहू नका.

राजवाड्यासाठी सिटी बस आहे, पण आईंना घेऊन ई-रिक्षाच बरी. बसच्या पायऱ्या उंच. विजयनगरचा आग्रह मागे घेतो. काकांच्या लूनाला नमस्कार.

गुडघेदुखीचे_काका | १३ डिसेंबर, सायं. ६:३३

मीनू, तुझ्या आईच्या वतीने मी बोलतो, कारण वय आणि गुडघा दोन्ही जुळतात.

राजवाडा सात मजली. खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. बांधायला सुरुवात १७४७ मध्ये, मल्हारराव होळकरांच्या काळात. १९८४ च्या दंगलीत आग लागून बराच भाग जळाला, आज जे बघतो त्यातलं पुष्कळ नंतर दुरुस्त केलेलं. हे सांगायचं कारण, आईला सगळं चढून दाखवायचा अट्टहास करू नकोस. खरी शोभा समोरच्या दर्शनी भागाची आणि आतल्या चौकाची, आणि ती दोन्ही जमिनीवरून दिसतात. आत मल्हारी मार्तंडाचं देऊळ आहे. तिथे तिला बसव, तू वर जाऊन ये. दारासमोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे, तिथेही बसता येतं. मी तिथे तासभर बसून शेंगदाणे खाल्ले, सून वर जाऊन आली, दोघेही खूश.

सोमवार टाळ. राजवाडा आणि लालबाग (होळकरांचा दुसरा महाल) दोन्ही सोमवारी बंद असतात. आमचा सोमवारच होता पहिला दिवस. बाहेरून फोटो काढला आणि पोहे खाल्ले.

मागेच गोपाळ मंदिर आहे, १८३२ चं, कृष्णाबाई होळकरांनी बांधलेलं. अलीकडे त्याची डागडुजी झाली, लाकडी खांब बघण्यासारखे. राजवाड्यावरून कृष्णपुऱ्याच्या छत्र्या (होळकरांच्या समाध्या) चालत पाच-दहा मिनिटं, पुलावरून सुद्धा छान दिसतात. संध्याकाळी दिवे लागल्यावर जा. जोत्यावर चढायचं नसेल तर पुलाच्या कठड्यापाशी उभं राहिलं तरी चालतं, फक्त तिथे मागून दुचाक्या घासून जातात, आईला आतल्या बाजूला घे.

दहिसरची_मीनू | १३ डिसेंबर, रात्री ९:५०

किती सुंदर माहिती देताय सगळे! काका, सोमवारचं सांगितलंत ते फार बरं केलंत, आमचा पहिला दिवस सोमवारच येत होता. तिकिटं एक दिवस पुढे ढकलते.

आता सराफा. किती वाजता, कुठून शिरायचं, आई कुठे बसेल, आणि परत?

मल्हारगंजकर | १३ डिसेंबर, रात्री १०:३०

सराफ्याला दोन घड्याळं आहेत. दिवसा सोन्या-चांदीचं, रात्री जिभेचं. साडेसात-आठला पेढ्या आवरायला लागतात. ही वेळ बघण्यासारखी, आणि बाहेरचे लोक नेमकी हीच चुकवतात. शेठ गल्ला मोजत असतात, नोकर शेवटचा डबा तिजोरीत ठेवतो, शटर अर्ध्यावर येतं. तेवढ्यात बाहेरच्या ओट्यावर कुणीतरी ओलं फडकं मारून जातं. त्या ओल्या ओट्यावर लाकडी पाट, पाटावर पातेलं, पातेल्याला पांढरं कापड. शेठ शटरला कुलूप लावून, कुलूप दोनदा ओढून, वळतात आणि त्याच ओट्यावरच्या माणसाला विचारतात, "आज क्या?" पुढच्या पंधरा मिनिटांत गल्ली बदललेली असते. मी लहान असताना वडील सांगायचे, दुकानं लागतात म्हणून रात्रीही वर्दळ राहते आणि वर्दळ राहते म्हणून सोनं सुरक्षित. खरंखोटं सराफ जाणे, पण इंदुरात हे सगळे सांगतात.

तर साडेआठला पोचा. साडेनऊनंतर गर्दी वाढते, शनिवार-रविवारी तर गल्लीत माणूस चालत नाही, वाहतो. आईंना घेऊन शनिवारी मुळीच नको. मधल्या वारी, साडेआठ ते दहा, एवढी खिडकी पुरेशी.

राजवाड्याला वळसा घातला की दोन-तीन मिनिटांत सराफा. ई-रिक्षा राजवाड्याच्या चौकात सोडेल, तिथून चालत.

बसायला खुर्च्या नाहीत. बंद दुकानांच्या पायऱ्या आणि ओटे हीच आसनव्यवस्था. कुणी हटकत नाही, पण ओटा आधी हाताने चाचपा, फडक्याने ओला असतो. आईंसाठी घडीचं आसन किंवा जुनं वर्तमानपत्र पिशवीत ठेवा.

पोह्यांवर_सेव | १३ डिसेंबर, रात्री १०:५८

खाण्याचं मी सांगू का, सांगू का?

पहिला नियम: दोघींत एकच प्लेट. पहिल्याच गाड्यावर पोट भरलं की सराफा संपला. भुट्ट्याचा कीस आधी, कारण तो गरम आणि हलका. मका किसून दुधात शिजवलेला, वरून खोबरं-कोथिंबीर. जानेवारीत येताय म्हणजे गराडू मिळणारच, हिवाळ्यातच असतो. कोनफळासारखा कंद, तळून, वरून लिंबू आणि जिरावण (इंदुरी मसाला). तिखट वाटलं तर "जिरावण कम" म्हणा. जोशींचा दहीवडा खाण्यापेक्षा बघण्याचा: दोना (द्रोण) हवेत उडवतात, दही सांडत नाही, आणि एकाच चिमटीतून वेगवेगळे मसाले एकेक करून सोडतात. तिथे गर्दीत कोपर लागतं, आईंना मागे ठेवा.

शिकंजी मागितलीत तर लिंबू सरबत येईल असं समजू नका. इंदूरची शिकंजी दुधाची, घट्ट, सुकामेव्याची. एक ग्लास म्हणजे अर्धं जेवण. माझ्या कोल्हापूरच्या आत्याने पचायला म्हणून मागवली होती.

पाणी स्वतःचं न्या. सुटे पैसे किंवा फोनवरून पैसे, दोन्ही चालतं, पण गल्लीत रात्री नेटवर्क रुसतं. शंभर-पन्नासाच्या नोटा खिशात असू द्या.

सियागंजची_सून | १४ डिसेंबर, सकाळी ७:४५

कचरा!! हे कुणीच लिहिलं नाही. दोना खाली टाकलात तर शेजारचा अनोळखी माणूस तुम्हाला उचलायला लावेल, आणि तो बरोबर असेल. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर येतोय तो महानगरपालिकेने एकटीने आणलेला नाही. गाड्याजवळच डबा असतो, ओला-सुका वेगळा. डबा दिसला नाही तर हातात धरून चालायचं. थुंकण्याचा दंड होतो, ज्यांच्या घरी तंबाखूवाले काका आहेत त्यांनी आधीच सांगून ठेवा.

आणि देवळाबाहेर कुणी हात पसरला तर पैसे देऊ नका. जानेवारी २०२५ मध्ये कलेक्टरांनी भीक देण्यावरही बंदीचा आदेश काढला होता, देणाऱ्यावरही गुन्हा. चूक की बरोबर यावर आमच्या घरी दोन तट आहेत, इथे तो वाद नको. बाहेरून आलेल्या माणसाला माहीत असावं एवढंच.

वेगवेगळी_भूक | १४ डिसेंबर, सकाळी ११:१०

सराफा की छप्पन दुकान? दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर?

मल्हारगंजकर | १४ डिसेंबर, सकाळी ११:४०

तुलनाच नको. सराफा रात्रीचा, राजवाड्याचा, उभ्याने खायचा. छप्पन न्यू पलासियाला, दिवसभर चालतं, नावाप्रमाणे छप्पन दुकानं, आत गाड्या येऊ देत नाहीत आणि बसायला बाकं आहेत. गुडघेदुखीवाल्यांनी सकाळी छप्पनला पोहे-जिलेबी खावी, रात्री तासभर सराफा करावा.

आडवळणी_वाट | १४ डिसेंबर, दुपारी ३:१५

रात्री परत येण्याचं राहिलं.

सराफ्याच्या तोंडाशी कॅब बोलावू नका. चालक येतो म्हणतो, नकाशावर गाडी दहा मिनिटं एकाच जागी थरथरते, मग तो रद्द करतो. मी तीनदा हे केलं. चौथ्यांदा अक्कल आली: कृष्णपुरा पुलाकडे चालत या, पुलाच्या पलीकडे थांबा, मग बोलवा. चार मिनिटांत येते. किंवा चौकातच ई-रिक्षा घ्या, पण रात्री दहानंतर भाडं दुप्पट सांगतात. मला दीडशे सांगितले, पुलापलीकडून अॅपवर ऐंशी. आई थकल्या असतील तर ते सत्तर रुपये मुकाट्याने द्यावेत, असं माझं मत.

काच मंदिर कुणी सांगितलं नाही? इतवारिया बाजारात, राजवाड्यावरून चालत दहा मिनिटं. शेठ हुकुमचंदांनी बांधलेलं जैन मंदिर, भिंती, छत, खांब, जमीन, सगळीकडे काच. आत फोटो काढू देत नाहीत. दुपारी बंद असू शकतं, म्हणून सकाळीच जा. जमीन गुळगुळीत आहे, मोज्यांनी चालू नका. आईंना सांगा मोजे बाहेरच काढायला.

गुडघेदुखीचे_काका | १४ डिसेंबर, दुपारी ३:४०

मोज्यांचं अगदी बरोबर. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

नाशिककर_गाडीसकट | १४ डिसेंबर, दुपारी ४:०२

काका, पडलात?

गुडघेदुखीचे_काका | १४ डिसेंबर, दुपारी ४:०५

घसरलो. पडलो नाही. फरक आहे.

दहिसरची_मीनू | १४ डिसेंबर, रात्री ८:१२

:D :D शेवटचं विचारते. ओंकारेश्वरची बस सरवटेवरूनच ना? आणि साड्या कुठे घ्यायच्या, इंदूरला की महेश्वरला?

सियागंजची_सून | १४ डिसेंबर, रात्री ९:००

बसस्थानकं एक नाही, बरीच आहेत. सरवटे स्टेशनजवळचं. (नाव तात्या सरवट्यांचं, संविधान सभेचे सदस्य, आपलेच मराठी. नव्या इमारतीत गेलात तर तेवढं आठवा.) धार-मांडूकडच्या बस गंगवालवरून. काही मार्गांच्या बस मधल्या काळात शहराबाहेरच्या स्थानकांवर हलवल्या आहेत, त्यामुळे आदल्या संध्याकाळी हॉटेलवाल्याला नको, सरवटेच्या चौकशी खिडकीवर स्वतः जाऊन विचारा. खरं सांगू? दोघीच असाल आणि आईंचा गुडघा असा, तर ओंकारेश्वर-महेश्वरला गाडीच करा. ओंकारेश्वर साधारण ऐंशी किलोमीटर, पण मधे घाट आहे आणि ट्रक अडकला की अडकला.

माहेश्वरी साडी महेश्वरलाच, मागासमोर बसून. इंदूरला सीतलामाता बाजारात साड्यांची दुकानंच दुकानं आहेत, बघायला मजा येते, पण तिथे दोन तास गेले की राजवाडा राहिला.

दहिसरची_मीनू | १९ जानेवारी, रात्री ९:३०

आलो जाऊन! वृत्तांत द्यायचं कबूल केलं होतं.

सियागंजची बाजू विचारून बाहेर पडलो, दहा मिनिटांत रीगलजवळच्या हॉटेलात. राजवाड्याला आई चौकातच बसली. मी वर जाऊन आले तर ती एका पहारेकऱ्याशी गप्पा मारत होती, मराठीत! तो रामबागेतला निघाला. तिने त्याला आजोळच्या कारकुनाची दंतकथा सांगितली आणि त्याने "असतील असतील" म्हणून मान डोलावली. आमच्या घरच्या कुणीही आजवर एवढा सन्मान दिला नव्हता.

चुकलं काय ते पण लिहिते. बुधवारी सराफ्यात साडेआठला पोचायचं ठरवलं होतं, साडेसातलाच पोचलो, कारण मला ते ओटा पुसणं बघायचं होतं. पण एक तास उभं राहून आईचा गुडघा सुजला. म्हणजे वेळेआधी जाणारे असाल तर तासभर चौकातल्या बागेत बसा. आम्ही पायरीवर वर्तमानपत्र टाकून बसलो तर दुकानाचे शेठ कुलूप लावता लावता थांबले, आतून एक उशी आणून दिली आणि म्हणाले, "जाते समय शटर के हैंडल पे टांग देना." सोन्याच्या दुकानाबाहेर रात्री उशी टांगून आम्ही गेलो.

गराडू आईला फार आवडला. दहीवड्याचा दोना उडाला तेव्हा ती दोन पावलं मागे सरकली. शिकंजी घेतली आणि दुसऱ्या दिवशी जेवलोच नाही.

कॅबला पूल ओलांडला. आडवळणी, धन्यवाद. पाच मिनिटांत आली.

काच मंदिरात मोजे काढले. :)

मल्हारगंजकर | १९ जानेवारी, रात्री १०:०२

उशी! कुठल्या पेढीबाहेर बसला होतात, दारावर गणपतीचं पितळी चित्र होतं का?

दहिसरची_मीनू | १९ जानेवारी, रात्री १०:१०

होतं की!

मल्हारगंजकर | १९ जानेवारी, रात्री १०:११

वाटलंच.

अकोल्याची_पूर्वा | २ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

उत्तम धागा. याच धाग्यावर विचारते. आम्ही सहा मैत्रिणी रंगपंचमीला येतोय, गेर (रंगांची मिरवणूक) बघायला. सकाळी आठला गाडी पोचते, हॉटेल राजवाड्याजवळच बुक केलंय, अगदी समोर. चालेल ना?

सियागंजची_सून | २ फेब्रुवारी, दुपारी १२:४१

नाही!!!

पूर्वा, त्या दिवशी राजवाड्याच्या चारही बाजूंचे रस्ते सकाळीच बंद होतात. टँकरवरून रंगाचे फवारे उडतात, लाखांनी माणूस असतो. सहा बॅगा घेऊन तुम्ही हॉटेलच्या दारापर्यंत पोचणारच नाही. एक तर आदल्या दिवशी येऊन आत जाऊन बसा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बाहेर काढायचं सामान ठेवू नका, नाहीतर बुकिंग रद्द करून रीगलला घ्या, बॅगा तिथे टाका आणि चालत या. परतताना कुठलीच रिक्षा तुम्हाला बसू देणार नाही, कारण सीट रंगेल. चालतच जायचं धरून चाला.

हीच गत अनंत चतुर्दशीच्या रात्रीची, गिरण्यांच्या झाक्या (चित्ररथ) निघतात तेव्हा. तेव्हा रंग नसतो, पण रस्ते रात्रभर बंद.

पोह्यांवर_सेव | २ फेब्रुवारी, दुपारी १२:५५

आणि फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत. दोन पिशव्या. केसांना आदल्या रात्री तेल चोपडा.

अकोल्याची_पूर्वा | २ फेब्रुवारी, दुपारी १:०३

हॉटेलवाला म्हणतो पैसे परत मिळणार नाहीत. :(

मल्हारगंजकर | २ फेब्रुवारी, दुपारी १:३०

मग आदल्या दिवशी या. समोरची गॅलरी आहे ना त्या खोलीला? असेल तर मलाही कळवा, मी मल्हारगंजातून सकाळी सहाला चालत येतो, पोहे माझ्याकडून.